धाव आणि पकड

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आसपास पुतण्याने पुण्याहून मोबाइलवर एक फोटो पाठवला. फोटोत दोन टायर होते. रुंद, काळेभोर आणि एकही खाच नसलेले. आमच्याकडे अशा टायरला ‘गोटा’ म्हणतात. गोटा झालेला टायर एक तर झोक्याला बांधतात, नाहीतर कडब्याच्या गंजीवर दाब म्हणून टाकतात. मी तसं लिहून कळवलं. त्याचं उत्तर आलं, “काका, हे नवे आहेत. मुद्दाम असेच बनवतात. ड्रॅग रेससाठी. मागच्या चाकांना कोणते टायर आणि कोणत्या रिम घ्याव्यात, एवढं सांगा. तुम्ही आयुष्यभर घर्षण शिकवलंत.”

मी मेहकर आणि लोणारच्या मधल्या एका गावात राहतो. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर घरची बारा एकर काळी जमीन पाहतो. सरळ रेषेत चारशे मीटर मोटार पळवण्याचा खेळ मी पाहिलेला नाही. पण मागचं चाक जमीन कशी धरतं आणि कधी सोडतं, हा प्रश्न मला दरवर्षी ऑक्टोबरात पडतो. सोयाबीन निघालेलं असतं, हरभरा पेरायचा असतो, परतीचा पाऊस झालेला असतो आणि ट्रॅक्टर फसलेलं असतं. पुतण्याचा प्रश्न आणि माझा प्रश्न एकच आहे का, हे तपासून पाहावं असं वाटलं. त्या शोधातून हा लेख झाला.

सुरुवात शब्दापासून करतो. बैलगाडीच्या लाकडी चाकावर सुतार आणि लोहार मिळून जी लोखंडी पट्टी चढवतात, तिला मराठीत ‘धाव’ म्हणतात. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल करायची, फुगली की पुठ्ठ्यांवर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. लोखंड आकसतं आणि आऱ्यांसकट सगळं चाक आवळून धरतं. माझ्या लहानपणी आमच्या बंडीची धाव बदलली, तेव्हाची वाफ आणि तो चर्र आवाज अजून आठवतो. धाव म्हणजे पळणं आणि धाव म्हणजे चाकाचा टायर. दोन्हींना आपल्या भाषेत एकच शब्द आहे.

पण बंडीच्या या धावेला पकडीची गरजच नसते. विदर्भातला शंकरपट पाहिलेल्यांना हे लगेच पटेल. पट म्हणजे आमची ड्रॅग रेसच. सरळ आखलेली दाण, हलका छकडा, बैलांची एक जोडी आणि सेकंदाच्या तुकड्यांत मोजलेली वेळ. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालाने हे पट बंद झाले, १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. पटात जमीन धरतात ते बैलांचे खूर. खूर मातीत रुततो, मातीला मागे ढकलतो आणि त्या बदल्यात माती बैलाला पुढे ढकलते. चाक नुसतं मागून घरंगळत येतं. म्हणून छकड्याचं चाक अरुंद, हलकं आणि कडक असलेलं बरं. त्याने जमिनीला जितकं कमी धरावं तितकं चांगलं.

चाकांच्या जाती अशा दोन आहेत. एक ओढलं जाणारं, दुसरं ओढणारं. ट्रॅक्टरला समोरून पाहा. पुढची चाकं लहान आणि अरुंद असतात, त्यांच्यावर फक्त वळण्यापुरत्या उभ्या रेघा असतात. मागची माणसाच्या छातीपर्यंत येणारी, रुंद आणि दातेरी. शर्यतीसाठीच बांधलेल्या लांबलचक ड्रॅगस्टर मोटारींची चित्रं मी पाहिली, तिथेही तेच. पुढे सायकलसारखी बारीक चाकं, मागे अजस्र टायर. पुढचं चाक ही बंडी आहे आणि मागचं चाक हा बैल आहे. पुतण्याला मी पहिलं उत्तर हेच दिलं, की तू टायर घ्यायला निघालेला नाहीस, खूर घ्यायला निघाला आहेस.

ट्रॅक्टर आणि शर्यत यांचं नातं मी ओढूनताणून जोडत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या ट्रॅक्टरांना लोखंडी चाकं असत आणि त्यांवर लोखंडी दाते. १९३२ साली अमेरिकेत हार्वे फायरस्टोन यांच्या पुढाकाराने अ‍ॅलिस-चाल्मर्स कंपनीच्या मॉडेल यू या ट्रॅक्टरला हवेचे टायर बसवले गेले. सुरुवातीच्या प्रयोगांत तर विमानाचे टायर वापरले होते. शेतकऱ्यांना ते पटेना. मऊ रबर नांगर कसा ओढणार, असा त्यांचा रास्त प्रश्न होता. तेव्हा कंपनीने मोटारशर्यतींत नाव कमावलेल्या बार्नी ओल्डफिल्डला ट्रॅक्टरवर बसवलं. १९३३ साली त्याने डॅलस इथे ताशी ६४ मैलांनी, म्हणजे सुमारे १०३ किलोमीटरच्या वेगाने ट्रॅक्टर पळवून दाखवलं. पण शेतकरी खरा वळला तो नांगर ओढताना कमी तेलात जास्त काम होतं, हे दिसल्यावर. कडक लोखंडापेक्षा मऊ रबर जमीन चांगली धरतं, ही गोष्ट तेव्हा नवलाची होती.

हे नवल समजून घ्यायला शाळेतलं घर्षण थोडं बाजूला ठेवावं लागतं. १६९९ साली फ्रान्सच्या आमाँताँ यांनी मांडलेले नियम मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिले. घर्षण वजनाच्या प्रमाणात असतं आणि टेकलेल्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. लाकूड आणि लोखंडाला हे बऱ्यापैकी लागू पडतं. यावरून एक गणित होतं. पकड वजनाइतकीच असेल, तर गाडीचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणापेक्षा जास्त होऊ शकत नाही. पाव मैल म्हणजे ४०२ मीटर. उभ्या जागेवरून ते कापायला मग निदान नऊ सेकंद लागायला हवेत, इंजिन कितीही दांडगं असो. प्रत्यक्षात सर्वांत वेगवान ड्रॅगस्टरनी हे अंतर साडेचार सेकंदांच्या आत कापलं आहे. म्हणजे सरासरी त्वरण गुरुत्वाच्या चौपट. पंख्यांवर दाबणारी हवा त्यांना मदत करते, पण सुटण्याच्या क्षणी वेगच नसतो, त्यामुळे ती हवाही नसते. तिथे सगळं काम रबराचं असतं.

रबर फळ्यावरचा नियम पाळत नाही. ते रस्त्याच्या खडबडीत कणांभोवती दबतं, त्यांच्या फटींत शिरतं आणि रेणूंच्या पातळीवर चिकटतं. ओढलं की आधी ताणतं, मग सुटतं आणि पुन्हा धरतं. जितकं रबर रस्त्याला प्रत्यक्ष टेकलेलं, तितकी धरायला जागा जास्त. कोरड्या काँक्रीटवर प्रत्येक खाच म्हणजे न टेकलेलं रबर, वाया गेलेली जागा. म्हणून ड्रॅग रेसचा टायर मुद्दाम गोटा बनवतात. अमेरिकेत १९५१ साली या खेळाची राष्ट्रीय संघटना झाली, त्या सुमारास पुष्कळ जण जुन्या टायरवरच मऊ, सपाट रबर चढवून घेत. आपल्याकडे ज्याला रिमोल्ड म्हणतात, तेच. खास शर्यतीसाठी बनवलेले गोटे टायर त्या दशकात पुढे आले.

मग माझ्या ट्रॅक्टरला दाते कशाला? कारण शेतात तुटते ती माती. काँक्रीटवर रबर आणि रस्ता यांच्यातली पकड सुटते, शेतात मात्र दात्यांमध्ये अडकलेली माती खालच्या मातीपासून फाटते. चाक किती ओढेल, हे माती किती सोसेल यावर ठरतं. कुलोम या फ्रेंच अभियंत्याने १७७३ साली मातीच्या या ताकदीचे दोन भाग सांगितले. एक मातीचा स्वतःचा चिकटपणा, दुसरं कणाकणांतलं घर्षण. पहिला भाग क्षेत्रफळाबरोबर वाढतो, दुसरा वजनाबरोबर. मुरमाड किंवा रेताड जमिनीत दुसरा भाग मोठा असतो, म्हणून तिथे मागच्या चाकांवर वजन टाकलं की ट्रॅक्टर ओढतं. आमची काळी माती बेसॉल्ट झिजून झालेली, पाणी पिऊन फुगणारी. ती ओली असली की कणांतलं घर्षण जवळजवळ संपतं आणि उरतो तो चिकटपणा. अशा वेळी वजन वाढवून काही मिळत नाही, चाक फक्त खोल जातं. तिथे रुंदी हवी, नाहीतर दोन दिवस थांबण्याचा धीर हवा.

पहिला नियम त्यामुळे असा, की टायर निवडण्याआधी जमीन निवडावी लागते. कोरडं काँक्रीट असेल तर गोटा, चिखल असेल तर दाते. जगात सर्वांत चांगला टायर असा नसतोच.

दुसरी गोष्ट हवेची. टायर जमिनीला किती टेकतो, याचा ढोबळ अंदाज चाकावरचं वजन भागिले आतला दाब, असा करता येतो. एका चाकावर तीनशे किलो वजन आहे आणि हवा तीस पौंड, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण २.१ किलो. तर टेकलेली जागा सुमारे १४३ चौरस सेंटिमीटर. पंधरा पौंड हवा ठेवली की तीच जागा दुप्पट. शर्यतीचे टायर म्हणूनच दहा ते वीस पौंडांवर पळवतात आणि सर्वांत शक्तिशाली ड्रॅगस्टरमध्ये तर सहा-सात पौंडच हवा असते. सुटताना त्या टायरच्या बाजूंना सुरकुत्या पडतात. त्या सुरकुत्या इंजिनाचा पहिला झटका गिळतात, म्हणून रबर सुटत नाही. ट्रॅक्टरलाही नांगरताना मागे बारा ते सोळा पौंड पुरतात, भरलेली ट्रॉली रस्त्याने ओढताना जास्त लागते. आमच्या गावात मात्र पंक्चरवाला हवा ठोकून भरतो आणि मालकाला टायर टणक झाल्याचं समाधान मिळतं.

तिसरी गोष्ट रिमची. ट्रॅक्टरच्या टायरवर १३.६-२८ असं लिहिलेलं असतं. म्हणजे रुंदी १३.६ इंच आणि रिमचा व्यास २८ इंच. पुतण्याला मोठ्या चकचकीत रिम आणि त्यावर पातळ टायर आवडत होता. दिसायला तो देखणा, पण शर्यतीच्या कामाचा नाही. बाहेरचा व्यास तोच ठेवून रिम लहान घेतली, तर टायरची बाजू उंच मिळते आणि सुरकुती पडायला जागा राहते. रिमची रुंदी टायरच्या तळाला साजेशी हवी. फार अरुंद असेल तर टायर मधोमध फुगून फक्त मधलाच पट्टा टेकतो, फार रुंद असेल तर बाजू ताणल्या जाऊन त्यांचा मऊपणा जातो. रिम हलकी हवी, कारण फिरणारं वजन दोनदा ढकलावं लागतं, एकदा पुढे आणि एकदा गोल. बाहेरचा व्यास वाढवतानाही विचार करावा. इंजिनाचा पीळ तोच राहतो, पण चाक मोठं झालं की जमिनीवर पडणारा जोर कमी होतो. मोठं चाक लावणं म्हणजे न सांगता गिअर बदलणं.

कमी हवेत आणखी एक धोका असतो. रिम फिरते आणि टायर जागेवरच राहतो. ट्रॅक्टरमध्ये यामुळे ट्यूबचा वॉल्व्ह कापला जातो. ही किंमत मी दोनदा मोजली आहे. शर्यतीच्या मोटारींत टायर रिमला स्क्रूने किंवा कड्याने जखडतात. रोग एकच आहे.

चौथी गोष्ट वजनाची. गाडी झटक्याने सुटते तेव्हा तिचा भार मागे झुकतो, पुढची चाकं हलकी होतात. ओढणारी चाकं मागे असतील तर हा भार त्यांच्या उपयोगी पडतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारीत नेमकं उलटं घडतं, पकड हवी तिथूनच वजन निघून जातं. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये आम्ही पाणी भरतो. वॉल्व्ह वर आणून पाऊण टायर भरला, तर १३.६-२८ मध्ये दीडशे लिटरच्या आसपास पाणी मावतं. म्हणजे एका चाकावर दीडशे किलो. कोरड्या नांगरणीत ते खरोखर उपयोगी असतं. पेरणीच्या ओल्या रानात तेच पाणी माती दाबून टाकतं आणि त्या पट्ट्यात हरभरा खुजा राहतो. म्हणून मी नांगरणीनंतर पाणी काढून टाकतो.

पाचवी गोष्ट घसरण्याची. चाक अजिबात घसरू नये, असं सगळ्यांना वाटतं. पण ओढणारं चाक थोडं घसरल्याशिवाय ओढूच शकत नाही. मातीला किंवा रबराला ताण बसायला ती थोडी सरक लागते. ट्रॅक्टरसाठी दहा-पंधरा टक्के घसरण योग्य मानतात. त्याहून कमी असेल तर तुम्ही उगाच वजन वाहत आहात, जास्त असेल तर डिझेल आणि टायर दोन्ही जळत आहेत. हे मोजायला खडू पुरतो. मागच्या टायरवर खूण करा, औजार वर उचलून चाकाचे दहा फेरे होऊ द्या आणि अंतर मोजा. समजा चाळीस मीटर भरलं. मग औजार मातीत टाकून तेच दहा फेरे मोजा. चौतीस मीटर भरलं तर घसरण पंधरा टक्के. मोटारीचा टायरही किंचित सरकतानाच सर्वांत जास्त धरतो. सुटण्यापूर्वी शर्यतवाले पाण्यावर चाक फिरवून धूर काढतात, तो दिखावा नसतो. त्याने रबर तापून चिकट होतं आणि वरची धूळ निघून जाते. पण ते मऊ शर्यती रबरासाठीच. नेहमीच्या टायरला त्याने फारसा फायदा होत नाही, तो झिजतो मात्र भरपूर.

इथपर्यंत मी पकड कशी वाढवायची ते सांगितलं. पण पकड फार झाली तर काय होतं, ते मी पाहिलं आहे.

काही वर्षांपूर्वी अशाच ऑक्टोबरात शेजारच्या रानात ट्रॅक्टर रुतलं होतं. मागची चाकं अर्धी चिखलात. मी बांधावरून पाहत होतो. ड्रायव्हर म्हणाला, “सर, चाकाले लाकूड बांधून पाहू काय? एका झटक्यात निंघते.” चाकाला आडवं लाकूड साखळीने बांधलं की ते चिखलात अडतं आणि चाक वर चढतं, असा सगळ्यांचा अनुभव. मी नको म्हणालो, पण जोर लावून म्हणालो नाही. सूर्य मावळायला आला होता आणि पेरणी बाकी होती. त्याने लाकूड बांधलं, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. लाकूड चिखलात असं अडलं की चाक फिरेनाच. चाक फिरलं नाही, तेव्हा इंजिनाने ट्रॅक्टरच मागच्या आखाभोवती फिरवलं. पुढची चाकं छातीइतकी वर गेली. ड्रायव्हरचा पाय आपसूक क्लचवर पडला आणि ट्रॅक्टर धाडकन खाली आलं. अशा वेळी उलटायला एक सेकंदही लागत नाही. त्याचा पाय पडला म्हणून तो वाचला. तो बराच वेळ खाली बसून होता, मी त्याच्या शेजारी.

तीस वर्षं मी वर्गात क्रिया-प्रतिक्रिया शिकवली होती. जमीन जितकी धरेल तितकंच इंजिन गाडीवर उलटतं, हे मला ठाऊक होतं. ड्रॅग रेसच्या गाड्यांना मागे दोन लहान चाकं लावलेल्या लांब दांड्या असतात, पुढचा भाग वर उचलला की त्या जमिनीला टेकतात. ट्रॅक्टरला तशी दांडी नसते. म्हणून ओझं नेहमी खालच्या हुकालाच अडकवायचं, आखाच्या वर कधीच नाही. चाकाला लाकूड कधीही बांधायचं नाही. फसलेलं ट्रॅक्टर माती खणून, शक्य असेल तर मागे घेऊन काढायचं, नाहीतर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून. पेरणी दोन दिवस उशिरा झालेली चालते.

हे सगळं मी पुतण्याला पत्राने कळवलं. त्याची गाडी जुनी, मागच्या चाकांवर चालणारी आहे. म्हणून टायर मऊ, रिम लहान आणि हलकी, हवा पंधरा पौंडांपासून सुरू करून प्रत्येक धावेनंतर एकेक पौंड बदलायची, वेळ वहीत लिहायची आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. शेवटी एक गोष्ट अधोरेखित केली. ते गोटे टायर घालून घरी यायचं नाही.

कारण त्याला दिवाळीला समृद्धी महामार्गाने यायचं होतं. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि आमच्या जिल्ह्यातून मेहकर, सिंदखेडराजा भागातून काँक्रीटची सरळ पट्टी गेली. पाहणाऱ्याला ती दाणच वाटते. कोरड्या उन्हात गोटा टायर त्या काँक्रीटला उत्तम धरेल, हे मीच वर लिहिलं आहे. पण परतीच्या पावसाची एक सर आली की खाचा नसलेल्या टायरखालचं पाणी कुठे जाणार? वेग वाढला की टायर त्या पाण्यावर तरंगू लागतो. मग स्टिअरिंग फिरवा नाहीतर ब्रेक दाबा, गाडीला कळत नाही. कमी हवेचा टायर लांबच्या वाटेवर सतत दबत-सुटत राहतो, तापतो आणि फुटतो. शिवाय वापरून गोटा झालेला टायर हा शर्यतीचा टायर नव्हेच. त्याचं उरलेलं रबर जुनं, कडक आणि पातळ असतं. मोटारीच्या टायरवर किमान १.६ मिलिमीटर खोल नक्षी हवी, असा आपला नियम आहे, तो याचसाठी.

दिवाळीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तो आला. वाटेत जालन्याच्या पुढे पाऊस लागला होता. मी बाहेर जाऊन आधी त्याची चाकं पाहिली. नक्षीचे टायर, हवा तीस पौंड. डिकीत मात्र ते दोन गोटे टायर, लहान रिमवर चढवलेले, चादरीत गुंडाळून ठेवलेले होते.

“हे कशाला आणलेस?” मी विचारलं.

“तुम्हाला दाखवायला, काका.”

मी अंगठ्याने रबर दाबून पाहिलं. मऊ होतं. बोटाला किंचित चिकटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खडू घेऊन रानात गेलो. जमीन अजून ओली होती. खडू खिशातच राहिला आणि आम्ही परत आलो.